फेज टूचा पाइप

आमच्या ऑफिसात कामं कमी आणि किस्से जास्त होतात. त्याला कारण आहे. कामाला निधी लागतो, मंजुरी लागते, मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. किस्स्याला यातलं काहीच लागत नाही. सकाळी जीप मोखाड्याच्या बाजूला गेली, की संध्याकाळी एखादा तरी किस्सा घेऊनच जव्हारला परत येते.

एसटी डेपोसमोरच्या टपरीवर बसून आम्ही ते एकमेकांना सांगतो आणि पोट धरून हसतो. मग चहा संपतो आणि जो तो आपापल्या खोलीकडे निघतो. त्या वाटेवर मला तेच किस्से पुन्हा आठवतात, पण हसू येत नाही. कान गरम होतात. तरी दुसऱ्या दिवशी टपरीवर पुन्हा सांगतोच.

आधी आमची ओळख. आमची संस्था छोटी. मुंबईच्या कंपन्या समाजकार्यासाठी पैसे देतात, ते आम्ही पाड्यांवर खर्च करतो. सर पुण्याचे, मनाने चांगले, दर सोमवारी नव्या उत्साहाने येतात. भगवान जीप चालवतो. खरं बोलायची परवानगी ऑफिसात फक्त त्याला आहे, कारण त्याचं कुणी लिहून घेत नाही. आणि मी संतोष, साखरशेतच्या शेतकऱ्याचा मुलगा. हुद्दा फिल्ड कोऑर्डिनेटर. म्हणजे पाड्यावरचं म्हणणं सरांना सांगायचं आणि सरांचं पाड्यावर. दोन्हीकडे जरा गाळून.

*

सर नवीन आले तेव्हाची गोष्ट. जानेवारी महिना. पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगरावर एक पाडा आहे, तिथे सभा ठेवली. विषय होता, 'लोक स्थलांतर का करतात?' सरांनी चार्ट पेपर घेतले, रंगीत स्केचपेन घेतले, लोकांना वाटायला बिस्किटांचे पुडे घेतले.

पोचलो तर घराघराला कड्या. अंगणात चार म्हातारी माणसं उन्हाला बसलेली आणि एक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती.

सरांनी घड्याळात बघितलं. "बाकीचे कधी येतील?"

"पावसाला," एक आजोबा म्हणाले.

सरांना कळेना. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्याकडे भात आणि नाचणी कापून झाली, दिवाळी झाली, की भांडीकुंडी बांधायची आणि मुकादमाच्या टेम्पोत बसायचं. भिवंडी, वसई, जिथे नेईल तिथे वीटभट्टीवर. परत यायचं ते पावसाच्या तोंडाशी.

आता आलोच आहोत तर सभा घेऊ, असं सर म्हणाले. त्यांनी चार्ट पेपर भिंतीला लावला आणि त्या चार म्हाताऱ्यांना विचारलं, "लोक गाव सोडून का जातात?"

आजोबांनी शांतपणे सगळीकडच्या कड्यांकडे बघितलं. "जे गेले त्यांना इचारा ना, सायेब. आमी तर इठंच हाव."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'उपस्थिती समाधानकारक.' आमचं गणित तेव्हापासून हे असं आहे. पाड्यावर माणसं असतात तेव्हा आमच्याकडे पैसे नसतात आणि पैसे येतात तेव्हा पाड्यावर माणसं नसतात.

*

पुढच्या पावसाळ्यात मात्र आम्ही वेळेवर गेलो. लोक होते. सरांनी मोगऱ्याची योजना मांडली. जव्हारच्या बाजूला काहींना मोगऱ्याने खरंच हात दिलाय. ऐन उन्हाळ्यात, दुसरं काही काम नसताना फुलतो, सकाळी खुडला की मुंबईला जातो. झाड एकदा जगलं की वर्षानुवर्षं. भट्टीवर जायला नको.

मागून एक बाई म्हणाली, "पानी?"

ती जानकी. फार बोलत नाही. बोलली तर एक शब्द, आणि नेमका आपण टाळत असतो तोच.

सरांनी खाली बोट दाखवलं. ओढ्यावर जुना बंधारा आहे, त्यात मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं. तिथे सोलर पंप बसवू आणि वर वावरापर्यंत पाइप टाकू.

"मंग मी लावते," जानकी म्हणाली.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "भाऊ, मला भट्टी नको. माजी सविता चौथीत गेली, पन वाचता येत नाय. वरच्या वर्गात ढकलतात नुसती. दिवाळीपावतर शाळा, मंग विटा. पोरीला पुरी शाळा मिळाली पायजे."

ती मागत नव्हती, सांगत होती. मी मान डोलावली. मान मी फार छान डोलावतो. त्याचाच पगार आहे.

*

पंप दिवाळीआधी आला. कधी नव्हे ते वेळेत! उद्घाटनाला कंपनीचे एक मोठे साहेब आले. बंधाऱ्यापर्यंत उतरायला पायऱ्या खणल्या, मांडव घातला, पंपाला झेंडूची माळ घातली. सगळा पाडा काठावर उभा.

साहेबांनी बटण दाबलं. पंप सुरू झाला, पाणी उसळून वर आलं आणि धो-धो करून परत बंधाऱ्यातच पडलं. कारण पाइप नव्हता.

मग सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून साहेबांनी वाजवल्या, म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. फोटोत ते पाणी फार सुंदर दिसतं. कारंज्यासारखं.

भगवान माझ्या कानाशी म्हणाला, "बरंय. पाणी वाया तरी नाही गेलं."

जानकीने सरांना विचारलं, "पाइप कवा?"

"पाइप फेज टूमध्ये आहे," सर म्हणाले. फेज टू म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं, की पहिल्या टप्प्याचा अहवाल जातो, मग तिकडे विचार होतो, मग दुसऱ्या टप्प्याला मंजुरी येते. जानकीने सगळं ऐकून घेतलं.

पाड्याने तो शब्द लगेच उचलला. आठवड्याभराने गेलो तेव्हा एका पोराला सहज विचारलं, लग्न कधी करतोस. तर तो म्हणतो, "फेज टूमदी." सगळे हसले, मीही हसलो. नंतर जीपमध्ये बसल्यावर भगवानने विचारलं, "तुम्ही कशाला हसलात?"

*

त्या वर्षी जानकी भट्टीवर गेली नाही. नवरा त्याच्या भावाबरोबर गेला, ती सविताला घेऊन मागे राहिली. बंधाऱ्यातून हंडे भरायचे, चढ चढायचा, पावसात लावलेल्या मोगऱ्याच्या झाडाझाडाला तांब्याने पाणी घालायचं. पाइप येईपर्यंतच तर करायचंय, असं मीच तिला सांगितलं होतं.

डिसेंबरात दुसरे पाहुणे यायचे ठरले. सरांची इच्छा, की स्वागत प्रकल्पातल्याच मोगऱ्याने व्हावं. त्यांना सांगितलं, सर, रोपं अजून गुडघ्याएवढीही नाहीत आणि हा मोगऱ्याचा दिवस नाही. सर म्हणाले, "काहीतरी मॅनेज कर."

मी मॅनेज केलं. भगवानला आदल्या दिवशी कल्याणच्या फुलबाजारात पाठवलं. तो टोपलीभर गजरे घेऊन आला. ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही ते पाड्यावर नेले, पाड्यावर उरलेल्या बायकांच्या हातात दिले आणि पाड्यावरच्या बायकांनी मुंबईच्या पाहुण्यांना दिले.

एक पाहुण्या बाई डोळे मिटून वास घेत राहिल्या. म्हणाल्या, "या मातीचा वासच वेगळा. आमच्याकडच्या फुलांना हा येत नाही."

"खरंय मॅडम," भगवान हात जोडून म्हणाला. "गाडीत पण एवढा येत नव्हता."

त्याला मी डोळे वटारले. त्या बाईंनी प्रेमाने एक गजरा जानकीच्या केसांत माळला. पाहुणे गेल्यावर तिने तो काढून हातात घेतला, निरखून बघितला.

"भाऊ, ही कुनाच्या वावरातली?"

"बाजारातली आहेत," मी म्हणालो. आता काय सांगणार?

"बाजारात कुनीतरी दिली असतील ना. त्याला पाइप मिळाला असंल," ती म्हणाली आणि हंडा घेऊन खाली गेली.

*

आता मी जो सांगतोय तो टपरीवर सगळ्यात जास्त चालतो. मला तो सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते आणि लोक मलाच सांगायला लावतात.

हंडे वाहून जानकीचे खांदे भरून यायला लागले, तेव्हा तिने एक युक्ती काढली. सविताला अंघोळ घालायची ती मोगऱ्याच्या वाफ्यात. आज या झाडाशी, उद्या त्या झाडाशी. पोरीला दगडावर उभं करायचं आणि डोक्यावरून पाणी ओतायचं. पोरही धुतली जाते आणि झाडही भिजतं. तांदूळ धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं झाडांना. शेजारच्या म्हाताऱ्या सकाळी विचारायच्या, "आज सविता कंच्या झाडाला?"

सविता तिथे दगडावर कुडकुडत उभी राहून मोठमोठ्याने धडा वाचायची. हो, वाचायची! होळीपर्यंत तिला वाचता यायला लागलं होतं. पहिल्यांदाच ती दिवाळीनंतर शाळेत होती. गुरुजी मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. आम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही, कारण ती नसायचीच."

सरांनी ती अंघोळ बघितली आणि हरखून गेले. फोटो काढले. सविताचे नाही, पाण्याचे. त्यावर प्रेझेंटेशन केलं, त्याला 'स्नानजल पुनर्वापर' असं नाव दिलं. ते मुंबईला गेलं, तिथे फार आवडलं आणि आमच्या संस्थेला नावीन्याचं बक्षीस मिळालं. चांगली जड ट्रॉफी आहे. ऑफिसच्या खिडकीत ठेवलीय, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून.

बक्षिसानंतर पंधरवड्याने कंपनीकडून निरोप आला. लाभार्थ्यांनी पाइपशिवाय झाडं जगवून दाखवलीत, तेव्हा पाइपची गरज उरलेली नाही. तो निधी दुसरीकडे वळवतोय.

सरांनी तो निरोप तीनदा वाचला आणि त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. ते वाईट नाहीत, हे मी आधीच सांगितलंय. जानकीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने विचारलं, "म्हंजे मी झाडं मारली असती, तर पाइप आला असता?"

मी म्हणालो, "तसं नाही." मग कसं, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये निम्मी झाडं वाळली. उरलेल्यांना फुलं आली, पण टोपली भरेल एवढी नाही. आणि टोपली भरल्याशिवाय फुलं मुंबईला नेणारी गाडी पाड्यावर थांबत नाही.

*

मध्ये एकदा घरी साखरशेतला गेलो होतो. आई नाचणीची भाकरी थापत होती. तिने विचारलं, "संत्या, तुजं काम म्हंजे नेमकं काय रं?"

मी म्हणालो, "लोकांना पोटासाठी गाव सोडून जायला लागू नये, यासाठी आम्ही काम करतो."

आईने भाकरी उलटली. "मंग तू जव्हारात भाड्यानं का ऱ्हातोस?"

बाबा कधी नव्हे ते मोठ्याने हसले. मी भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

*

पुढची दिवाळी झाली. जानकी त्या वेळी गेली. मला ती पाड्यावर भेटली नाही, जव्हारच्या नाक्यावर भेटली. मुकादमाचा टेम्पो डिझेलला थांबला होता. वर पातेली, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं. सविता एका गाठोड्यावर बसून दुकानांच्या पाट्या वाचत होती, एकीमागून एक, मोठ्याने.

मी दुसरीकडे बघत निघून जाणार होतो. जानकीनेच हाक मारली. "भाऊ! झाडं सासूवर टाकलीत. जगतील तेवडी जगतील. पाइपचं काय झालं तर फोन करा."

मी म्हणालो, करतो.

जानेवारीत आमचा नवा बोर्ड आला. 'स्थलांतरमुक्त पाडा', हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत. तो पाड्याच्या तोंडाशी लावायचा होता, पण खड्डा खणायला पाड्यावर माणूस नाही. शेवटी ठेकेदाराने रस्त्याच्या कामावरचे मजूर आणले. ते नंदुरबारकडचे होते, बायकापोरांसकट आलेले. त्यांनी खड्डा खणला, बोर्ड उभा केला, सिमेंट ओतलं. त्यातल्या एकाने विचारलं, काय लिहिलंय. भगवानने वाचून दाखवलं.

तो माणूस खूश झाला. म्हणाला, "असं गाव आहे का? आम्हाला इथे राहू देतील?"

*

फेब्रुवारीत मी जानकीला फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला.

"पाइप आला?"

"नाही," मी म्हणालो. "पाहुणे येतायत."

पलीकडे तिच्या मागे कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं. मग ती म्हणाली, "गाडी पाठवाल ना?"

यात तिला आश्चर्य वाटलं नाही, कारण आमच्याकडे ही पद्धतच आहे. पाहुणे आले की लाभार्थी भट्टीवरून आणायचे, घरांच्या कड्या काढायच्या, चुली पेटवायच्या, आणि पाहुणे गेले की परत सोडायचे. पाड्यावरचे लोक त्याला 'घरी पाहुणं जायचं' म्हणतात. आम्ही त्याला फिल्ड व्हिजिट म्हणतो.

या वेळची कंपनी नवी होती. त्यांच्या मॅडमच्या हातात सगळा निर्णय. त्यांना प्रकल्प पटला, तर पाइप त्यांच्याकडून होणार होता. हे मी जानकीला फोनवर स्वच्छ सांगितलं. आपण आता भट्टीवर जात नाही, सविता शाळेत जाते, एवढंच सांगायचं. पाइप झाला की ते खरंच होईल. मला वाटतं, त्या क्षणी माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

भगवान पहाटे निघाला आणि तिला घेऊन आला. एकटीलाच. नवरा आणि सविता तिकडेच राहिले, कारण जोडीतलं एक जण गेलं तरी दुसऱ्याने विटा पाडत राहायला पाहिजे, नाहीतर मुकादम शिव्या देतो. घरी येऊन तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि अंगण शेणाने सारवलं.

मॅडम वयस्क, साध्या, डोळ्यांत पाणी चटकन येणाऱ्या. जमिनीवर जानकीच्या शेजारी बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. जगलेली झाडं बघितली. जानकीने सांगितलं, "आमी आता जात नाय."

"आणि मुलगी?"

"शाळेत हाय."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "आधी कुठे जायचात तुम्ही?"

हा प्रश्न आम्ही पढवला नव्हता. जानकीने खरं ते सांगितलं. वाडा गावाच्या पुढे, भिवंडीच्या रस्त्याला, पेट्रोल पंपाच्या मागे आंब्याच्या झाडाशी भट्टी आहे तिथे.

मॅडम म्हणाल्या, "अरे, मी तर त्याच रस्त्याने परत जाणार." त्या एवढंच म्हणाल्या आणि मी ते ऐकून सोडून दिलं.

दुपार व्हायच्या आत जानकीला परत पोचवायचं कबूल केलं होतं. भगवान तिला घेऊन निघाला. आम्ही पाहुण्यांना जव्हारला जेवायला नेलं. जेवताना मॅडम सरांना म्हणाल्या, "पाइप आमच्याकडून होईल असं दिसतंय. फक्त एक करायचंय. जानकीताई ज्यातून बाहेर पडल्या, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तीच भट्टी. जाता जाता थांबू."

सरांच्या हातातली पुरी हातात राहिली. म्हणाले, "तिथे फार धूळ असते."

"धुळीला काय घाबरायचं?" मॅडम म्हणाल्या. "संतोष, तुम्ही चला ना आमच्या गाडीत, दाखवायला."

सरही निघाले. गाडीत बसल्या बसल्या मी भगवानला फोन लावला. घाटात रेंज नाही. जानकीला लावला, ती उचलेना. विटा पाडताना फोन खोपीत ठेवतात. वाड्याच्या पुढे भगवानचा फोन लागला. मी मागच्या सीटवरून कुजबुजलो, "जानकीला सांग, खोपीच्या बाहेर येऊ नको." तो म्हणाला, "मी तिला तासापूर्वीच सोडून निघालो. का?" तोपर्यंत ड्रायव्हरला पेट्रोल पंप दिसला होता.

आंब्याच्या झाडाखाली गाडी थांबली. मॅडम उतरल्या, पदर सावरत विटांच्या ओळींमधून चालायला लागल्या. मी मागे, सर माझ्या मागे. दुसऱ्याच ओळीला जानकी होती. जुनं लुगडं वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात, पुढ्यात विटांचा साचा.

मॅडम थबकल्या. "जानकीताई? तुम्ही इथे?"

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं. प्रकल्प गेला, पाइप गेला. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

जानकीने माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. म्हणाली, "बहिनीला भेटाया आले."

"आणि हे?"

"ती दमली. म्हनून जरा हात लावते."

मॅडमचे डोळे भरून आले. त्या वळून सरांना म्हणाल्या, "बघितलंत? स्वतः सुटल्या आणि बहिणीसाठी परत आल्या. अशा बाईला नुसता पाइप देऊन कसं चालेल? यांना आपण सगळ्या भट्ट्यांवर पाठवू. बाकीच्यांना या समजावतील."

सर म्हणाले, "हो."

एवढ्यात ओळीच्या टोकाकडून सविता आली. वाळत घातलेल्या विटा पालटून आली होती, केसांत माती. आईशेजारी येऊन उभी राहिली. मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ही बहिणीची का?"

जानकी सविताकडे बघत नव्हती. "हा," ती म्हणाली. "बहिनीची."

मॅडम खाली वाकल्या. "बाळ, शाळेत नाही जात तू? बघ, तुझ्या मावशीची मुलगी जाते. जाशील मावशीबरोबर गावाला?"

सविताने मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेवटी आईकडे. आम्ही सगळे ती काय बोलते त्याची वाट बघत होतो. तिने वाकून साचा उचलला आणि आईच्या पुढ्यात धरला.

"मावशी," ती म्हणाली, "चिखल सुकाया लागला."